एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) आणि टीबीचं औषध दोन्ही चालू, पेशंट घरी : वेदना कशा आवरायच्या?

सिस्टर_तालुका :
पेशंट 42 वर्षांचे, वजन 38 किलो, अंथरुणाला खिळलेले. एचआयव्हीसाठी टीएलडी (तीन औषधांची एकत्र गोळी) चालू आहे, टीबीच्या औषधाचा दुसरा महिना. रात्रभर तळपायांची आग होते, घास गिळताना छातीत दुखतं, दिवसातून सहा-सात वेळा पातळ शौचाला होते (रक्त नाही, ताप नाही). माकडहाडावर जखम झाली आहे आणि तिला वास येतो. गावातल्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि डायक्लोफेनॅक दिलंय, उपयोग नाही. घरचे म्हणतात, एआरटी बंद करा, नुसतं दुखणं थांबेल असं काहीतरी द्या. तालुक्याला मॉर्फिन मिळत नाही. सुरुवात कुठून करू?

डॉ_वेदनाशामक :
एआरटी बंद करू नका. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्याचा हिशोब इथे लावता येत नाही. एचआयव्हीत खूपशी दुखणी उपचाराने जाणाऱ्या संसर्गाची नाहीतर औषधांचीच असतात, आणि ते कारण काढणं हाच पहिला वेदनाशामक.

डायक्लोफेनॅक आजच थांबवा. टीएलडीतल्या टेनोफोविरसोबत ते किडनीला धोक्याचं, त्यात जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) करून घ्या. तोवर पॅरासिटामॉल, पण या वजनाला आणि टीबीच्या गोळ्या चालू असताना दिवसाला 2 ग्रॅमच्या वर नको.

गिळताना दुखतंय म्हणजे अन्ननलिकेत बुरशी असण्याची शक्यता दाट. तोंडात टॉर्च मारून पांढरे चट्टे बघा, नसले तरी शक्यता संपत नाही. फ्लुकोनाझोल 200 मिग्रॅ रोज, 14 ते 21 दिवस. आठवड्यात फरक पडायला हवा. न पडल्यास पुढे पाठवा, कारण टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे या औषधाची रक्तातली पातळी उतरते.

तळपायांच्या आगीसाठी आधी विचारा, टीबीच्या आयसोनियाझिडसोबत पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी-6) मिळतंय का? नसेल तर ते डॉक्टरांकडून सुरू करून घ्या. रात्री अमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ, आठवड्याने 25. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी गोळी बंद होते. तोंड कोरडं पडेल, लघवी अडते का ते बघा. ट्रामाडॉलसोबत दिल्यास झटके येण्याचा धोका वाढतो, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. आणि नसांच्या दुखण्यावर कार्बामाझेपिन कोणी लिहून दिलं तर देऊ नका, टीएलडीतल्या डोल्युटेग्राविरची पातळी खाली येते.

एआरटी_समुपदेशक :
डॉक्टरांनी रिफाम्पिसिनचा उल्लेख केलाच आहे, त्याला जोडून एक गोष्ट तपासा : टीएलडीनंतर 12 तासांनी डोल्युटेग्राविर 50 मिग्रॅची वेगळी गोळी घेतात का? रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत आणि बंद झाल्यावरही दोन आठवडे ती लागतेच. घरी जाऊन दोन्ही डब्या समोर ठेवून गोळ्या मोजा. “हो, घेतात” एवढ्यावर थांबू नका. पेशंट येऊ शकत नसतील तर नातेवाइकांना औषध देण्याबद्दल एआरटी केंद्रात आधी बोलून ठेवा.

जुलाबासाठी ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही. शौचाची तपासणी करा, को-ट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळणारं प्रतिजैविक) चालू आहे का तेही विचारा. रक्त आणि ताप नसल्याने लोपेरामाइड चालेल : आधी 2 मिग्रॅच्या दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसात आठच्या वर नाही.

सिस्टर_तालुका :
एवढं करूनही दुखणं राहिलं तर? मॉर्फिनला घरचे घाबरतात, आणि आणायचं कुठून?

डॉ_वेदनाशामक :
2014 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातल्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता असलेल्या संस्थेला मॉर्फिन ठेवता येतं. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह (गंभीर आजारातला त्रास कमी करणारा) विभाग आहे का आणि संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे आधी फोनवर विचारा. नातेवाइकांना उगाच हेलपाटा नको. युगांडात 2004 पासून प्रशिक्षित नर्सना मॉर्फिन लिहून देता येतं. आपल्याकडे डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि माझ्या मते खेड्यातला पेशंट नेमका तिथेच अडतो.

ट्रामाडॉल बंद करून मॉर्फिन 2.5 ते 5 मिग्रॅ, दर चार तासांनी, घड्याळ बघून. दुखलं की द्यायचं असं नाही. 10 ची गोळी असेल तर अर्धी म्हणजे 5. झोपताना दुप्पट दिली की मध्यरात्री उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर तेवढीच जादा मात्रा, आणि ती वहीत लिहायची. मळमळ पहिले काही दिवस राहते, मेटोक्लोप्रामाइडने आवरते. एरवी बद्धकोष्ठावर पहिल्या दिवसापासून बिसाकोडिल द्यावं लागतं, इथे जुलाब थांबेपर्यंत थांबा. मॉर्फिननेही शौच कमी होतं, तेव्हा लोपेरामाइड कमी करत आणा. जास्त झोप, अंग झटके मारणं दिसलं तर पुढची मात्रा न देता फोन करा. किडनी मंदावली की मॉर्फिन साठतं. व्यसन लागेल, लवकर जातील, ही भीती योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनला लागू नाही. हे घरच्यांना समोर बसून सांगा.

आणि ताप, वाढती डोकेदुखी, मान आखडणं, भ्रम यातलं काहीही दिसलं तर घरी मॉर्फिन वाढवत बसू नका. क्रिप्टोकोकल मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग) असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात.

घरपोच_सेवा :
जखमेसाठी : अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ, त्याने धुवा. मेट्रोनिडाझोलची 400 ची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरा, वर स्वच्छ सुती कापड. वास बहुधा दोन-तीन दिवसांत कमी होतो. दर दोन तासांनी कूस बदला. शौचाने भिजलेली कातडी पुसून झिंक ऑक्साइड लावा.

आंघोळ घालणं, भरवणं, हात धरणं यातून लागण होत नाही. ग्लोव्हज फक्त रक्त, जखम आणि शौचासाठी. घराघरात उलटं दिसतं : भरवताना ग्लोव्हज आणि जखम उघड्या हाताने. रक्त सांडलं तर 30 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर लिटरला 16 ग्रॅम, दहा मिनिटं ठेवून पुसा. सुई टोचली तर 72 तासांच्या आत पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं) सुरू व्हायलाच हवी, दोन तासांत झाली तर उत्तम.

शेजारी विचारतील. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. घरच्यांपैकी कोणाला किती माहीत आहे हे पेशंटना एकटं गाठून विचारा, आणि वहीवर आजाराचं नाव लिहू नका.