मदत हवी आहे: शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली १९६५ ची एमजीबी, चावी मारण्याआधी काय काय बघू?

शाहूपुरीकर:

नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची दोन सीटची उघडी गाडी, १९६५ चं मॉडेल, १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, तारांची चाकं. आमच्या थोरल्या काकांची. सत्तरच्या दशकात त्यांनी ती मुंबईहून आणली आणि पुढं कायम स्वतःच्या हातानं सांभाळली. पन्हाळा, जोतिबा तर नेहमीचंच, कधी लहर आली की गगनबावड्याचा घाट उतरून थेट कोकण. २०१२ ला काका गेले. त्यानंतर गाडी शाहूपुरीतल्या जुन्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, ती आजतागायत. आता वाटण्या झाल्यात, शेड पाडायचं आहे, म्हणजे गाडी हलवायलाच हवी.

सध्याची अवस्था सांगतो. टाकीत थोडं पेट्रोल आहे, झाकण उघडलं की जुन्या वॉर्निशसारखा वास येतो. ब्रेकचा पेडल तळाला जातो. क्लचचा पेडल दाबला तर जाणवतच नाही. सीटच्या मागं दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या होत्या, त्या फुगून फुटल्यात. एअर क्लीनरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, गोणपाटाचे धागे, कागद, भुईमुगाची टरफलं, सगळं निघालं. कापडी हुड गेलाच. पण बॉडी वरून तरी बरी दिसते, आणि डॅशबोर्डवर काकांनी चिकटवलेली अंबाबाई जशीच्या तशी आहे.

अडचण अशी की घरात दोन पक्ष पडलेत. चुलतभाऊ म्हणतो, बॅटरी टाकू, ताजं पेट्रोल घालू, दसऱ्याला दसरा चौकापर्यंत चालवत नेऊ. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार जिथं येते तिथं आपली एमजी उभी राहिली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकनं सांगितलंय, बॅटरीही नको, जीपला दोर बांधून ओढू आणि चौथ्या गिअरला सोडू, "झटक्यात उठतंय बघा." माझं मन काही धजत नाही. इंजिन फिरतंय का हेच अजून बघितलेलं नाही.

सुरुवात कुठून करू? कुठल्या क्रमानं? आणि कोल्हापुरातच कोणकोणती कामं होतील?

उद्यमनगरी:

भावा, पहिल्यांदा तो दोर जाळून टाक.

बारा-तेरा वर्षं उभ्या इंजिनला ओढून गिअरला सोडलं तर काय होतं ते मी लेथवर बसून बघितलंय. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजानं धरलेल्या असतात. चाकाच्या जोरानं फिरवलं की रिंग मोडते, भिंतीला ओरखडा पडतो, व्हॉल्व्ह अडकलेला असला तर पुशरॉड वाकतो. जे काम ऑइलच्या बाटलीत झालं असतं ते सिलिंडर कापून मोठा करायच्या, म्हणजे बोअर मारण्याच्या कामावर जातं.

आता एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. शाहूपुरी म्हणजे, महापुरात पाणी शिरलं होतं का? २०१९ आणि २०२१, दोन्ही सालचं सांग. किती वर आलं होतं? त्यावर पुढचं सगळं ठरणार.

शाहूपुरीकर:

२०१९ ला शेडच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं. २०२१ ला आत आलं. भिंतीवर खूण आहे, चाकाच्या मधल्या नटाला लागेल एवढी उंची. तेव्हा घरातलं सामान वर न्यायच्या गडबडीत शेडकडं कुणी फिरकलं नव्हतं.

उद्यमनगरी:

मग आधी खालनं सुरू कर, वरनं नको.

हबपर्यंत पाणी म्हणजे मागचा ॲक्सल बुडाला, गिअरबॉक्सचा तळ भिजला, चारी चाकांचे बेअरिंग आणि मागचे ड्रम पाण्यात. ॲक्सलचा ड्रेन नट ढिला करून पहिलं वाटीभर काय पडतंय ते काचेच्या बरणीत धर. आधी स्वच्छ पाणी आणि मग ऑइल आलं तर पाणी तळाला बसलंय. पांढरट ताकासारखं आलं तर ढवळलं गेलंय. काहीही आलं तरी ऑइल बदलणं आहेच, पण बरणी ठेवून दे, दुसऱ्या दिवशी तळात लोखंडाचा चुरा बसतो का बघ.

आणि गाडी जॅकवर घ्यायच्या आधी दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, ठोकून बघ. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि सगळा भार सिलवर. आतून कुजलेलं असलं तर जॅक वर जातो आणि गाडी जागेवरच राहते. टणटण वाजलं तर बरं. भदभद वाजलं तर थांब आणि फोटो टाक.

एसयूप्रेमी_पुणे:

माझ्याकडं १९६६ ची आहे, त्यामुळं राहवत नाही. वरचे दोन्ही सल्ले शंभर टक्के. माझी भर काही नेमक्या गोष्टींची, ज्या आपल्याकडच्या गॅरेजवाल्याला माहीत असतीलच असं नाही.

पहिलं म्हणजे बॅटरी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला डायनामो आहे आणि अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. बॅटरीचा प्लस बॉडीला. आपल्या हाताला उलटी सवय असते, नवा माणूस न बघता मायनस बॉडीला जोडणार. मधे कुणी बदल केलेला असू शकतो म्हणून जुनी वायर कुठल्या टोकाची बॉडीला गेलीय ते आधी बघा, फोटो काढा, मगच हात लावा. दोन सहाच्या ऐवजी एक बारा व्होल्टची लहान बॅटरी एका खणात बसवतात, चालते.

दुसरं गिअरबॉक्स. यात नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालू नका, इंजिनचंच ऑइल लागतं, २०डब्ल्यू५०. नव्वद नंबर मागच्या ॲक्सलमध्ये. गिअरबॉक्सची डिपस्टिक गाडीच्या आत आहे, मधल्या बोगद्यावरचा रबरी बूच काढला की हात जातो.

तिसरं ब्रेक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मॉडेलला ब्रेकची एकच लाईन आहे. आजच्या गाड्यांसारखे दोन भाग नाहीत. एक पाईप फुटला की पेडल तळाला, हातात फक्त हँडब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, इतक्या वर्षांत मास्टर सिलिंडर आतून खड्डे पडून गेलेला असणार. रबरी पाईप बाहेरून छान दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, मग ब्रेक लागला की सुटत नाही. हे सगळं नवं घ्या, यात जुनं वाचवायला जाऊ नका. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या आहेत, ब्रिटनमध्ये आजही जवळपास प्रत्येक पार्ट नवा मिळतो. कस्टम धरून महाग पडतो, पण मिळतो.

इंजिन सुरू होणं हा यातला सोपा भाग आहे. थांबणं अवघड.

मिसळ_कट_जास्त:

एवढं कशाला, एमजीची शोरूम आहे की, तिथं सोडून या. 😄

एसयूप्रेमी_पुणे:

बिल्ला तोच, घर बदललं. इंग्लंडमधला एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० ला बंद झाला, आता नाव चिनी कंपनीकडं आहे. शोरूममधली पोरं फार तर गाडीबरोबर सेल्फी काढतील.

शाहूपुरीकर:

सगळ्यांचे आभार. रविवारी चुलतभावालाच हाताशी घेतलं, म्हणजे त्याचं तोंड बंद.

सिल डावीकडचा टणटणीत. उजवीकडं मागच्या चाकापाशी वीतभर भाग भदभद वाजला, स्क्रूड्रायव्हर आत गेला. फोटो टाकलेत. जॅक तिथं न लावता मागं ॲक्सलखाली लावला. ॲक्सलमधून आधी अर्धा कप पाणी आलं, मग काळं ऑइल. बरणीच्या तळाला चुरा काही बसला नाही. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र स्वच्छ निघालं.

प्लग काढले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याची टोकं कोरडी, काजळी धरलेली. तिसऱ्याच्या टोकावर तांबूस पूड होती, बोटाला कुंकवासारखी लागली. टॉर्च मारला तर त्या सिलिंडरच्या भिंतीवर एका बाजूला गंजाचा पट्टा दिसतो. त्याच्या वरचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा राहिला असावा. चारीमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतून ठेवलं. अजून फिरवलेलं नाही. आता कुठं आणि किती जोर लावू?

उद्यमनगरी:

चार-पाच दिवस तसंच ठेव, रोज थोडं ओत. तिसऱ्यात जास्त. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लाव. पाना इंचाचा लागेल, मिलिमीटरचा लावून नट गोल करू नकोस. लक्ष्मीपुरीत जुन्या हत्यारांत मिळतो, नाहीतर माझ्याकडनं ने. आधी जरासा उलटा, मग सुलटा, मग परत उलटा. दांड्याला पाईप घालून लांबी वाढवायची नाही. हाताच्या जोरानं येईल तेवढंच. येत नसलं तर अजून ऑइल आणि अजून दिवस.

फिरायला लागलं की व्हॉल्व्हचं झाकण काढून आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का बघ. त्यानंतर सगळं ऑइल काढून नवं घाल, फिल्टर नवा. प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर मार, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. या इंजिनाचा पंप फार दिवस उभा राहिला की कोरडा पडतो, काटा उठत नसला तर मारत बसू नकोस, पाईप सोडून पंपाला ऑइल पाजावं लागतं. काटा उठल्याशिवाय प्लग बसवायचे नाहीत.

शाहूपुरीकर:

फिरलं!! चौथ्या दिवशी कट् असा आवाज आला आणि पुली बोटभर सरकली, काल पूर्ण फेरा झाला. व्हॉल्व्ह आठही हलतात. प्रेशरचा काटा पन्नासच्या वर गेला. तिसऱ्याचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी आहे, पण आहे.

नवीन प्रश्न दोन. एक, क्लचच्या हायड्रॉलिकचं नवं किट बसवलं, पेडल आता कडक लागतो, पण गिअरमध्ये गाडी ढकलली तर क्लच दाबूनही इंजिन फिरतं. दोन, पेट्रोल. आता पंपावर सगळीकडं वीस टक्के इथेनॉल आहे. ऊस आपला, कारखाने आपले, तक्रार कुणाकडं करणार?

एसयूप्रेमी_पुणे:

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय. पुराचं दमट वातावरण, दुसरं काय. घाबरू नका, पण लगेच खोलायलाही जाऊ नका, कारण या गाडीत गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो, तो शेवटचा उपाय. लाकडाची फळी सीट आणि पेडलच्या मधे अडकवून क्लच दाबून ठेवा, आठवडाभर राहू द्या. बऱ्याचदा आपोआप सुटतो. नाही सुटला तर इंजिन सुरू झाल्यावर चांगलं गरम होऊ द्या, बंद करा, पेडल दाबून गिअरमध्ये गाडी मागं-पुढं हलवा. ब्रेक तयार झाल्याशिवाय चालत्या गाडीत क्लच सोडवण्याचे प्रयोग नकोत.

पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉलनं जुनं रबर मऊ पडतं आणि टाकीत तळाला पाणी धरतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप इथेनॉल चालणारे नवे घाला. जुनी टाकी उतरवून धुवा, तोवर पाच लिटरच्या कॅनमधून पेट्रोल द्या. शिसं असलेलं पेट्रोल व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती सीट झिजू देत नव्हतं, ते २००० सालीच देशभर बंद झालं, त्यामुळं काकांनी पुढं चालवली असेल तर व्हॉल्व्ह सीटचं काही केलंय का ते कागदांत शोधा.

आणि एक धोक्याची सूचना. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर वर, तापलेला एक्झॉस्ट खाली. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पेट्रोल अडवणारी, इतकी वर्षं सुकलेली फ्लोटची सुई अडकली तर पेट्रोल ओसंडून थेट एक्झॉस्टवर. चावी फक्त ऑन करा, स्टार्टर नको. मागचा, टाकीतून पेट्रोल ओढणारा एसयू पंप टक-टक-टक वाजेल आणि बाऊल भरले की थांबेल. थांबला नाही तर चावी बंद करा आणि बघा कुठून गळतंय. हे इंजिन थंड असतानाच. अग्निशामक हाताशी, आणि शेडमधून गाडी बाहेर ढकलून उघड्यावर. पंप पुरात बुडालेला आहे, त्याचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, घासावे लागतीलच.

कागदवाला:

गाडीच्या कामात माझी अक्कल नाही, पण आरटीओचं बघून ठेवा. आरसी अजून काकांच्या नावावर असणार. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, बाकी वारसांची संमती जोडून. वाटण्या झाल्यात तर गाडी कुणाच्या वाटणीत ते आधी लेखी करा, भावकीत गाडी चालू झाल्यावरच भांडणं सुरू होतात.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमाप्रमाणं व्हिंटेज नोंदणी मिळते, मूळ रूपात असली तर. नोंदणी दहा वर्षांची. आधीच नोंदलेली असल्यानं जुना नंबर ठेवता येतो. पण मग रोजच्या वापराला, भाड्यानं वगैरे चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. विम्याशिवाय दसरा चौकाचं नावही काढू नका.

शाहूपुरीकर:

फळी लावली. पंप काढून पॉइंट घासले, बाहेर टेबलावर बॅटरी जोडून बघितला, वाजतो. डावा कार्बोरेटर उघडला तर पिस्टन चिकटलेला, पेट्रोलमध्ये भिजवून सुटला, आता वर उचलून सोडला की ठक् करून खाली बसतो. ब्रेकचं सामान मागवलंय, यायला वेळ लागेल. चुलतभावाला स्पष्ट सांगितलं, या दसऱ्याला मेबॅक बघायला चालत जायचं.

उजव्या सिलचं काम कोल्हापुरात कोण करेल? पत्रा नुसता वर चिकटवून देणारे नकोत, कुजलेलं कापून नवं जोडणारा हवा.

उद्यमनगरी:

वाय. पी. पोवार नगरात एक म्हातारा आहे, बसच्या बॉड्या बांधायचा. त्याला गॅस वेल्डिंगचा हात आहे. नाव इथं टाकत नाही, गर्दी होईल, व्यक्तिगत निरोप बघ. जाताना दारं लावलेलीच ने, काढून नेऊ नकोस. कापायच्या आधी दाराच्या फटी वर-खाली मोजून घे आणि आतून आडवा पाईप टाकून दोन्ही बाजू बांधून घ्यायला सांग, नाहीतर सिल नवा आणि दार लागत नाही असं व्हायचं. आणि सकाळी जा, दुपारी झोपतो.