मदत हवी आहे : खगोलशास्त्रात निरीक्षण की उपकरणं?

मंडळी, भौतिकशास्त्रात एमएस्सी करतोय, पुढे खगोलशास्त्रात पीएचडी करायचा विचार आहे. दुर्बिणीला डोळा लावून रात्र जागवणं आता फारसं उरलेलं नाही, हे ठाऊक आहे. बराच वेळ कोड लिहिण्यातच जातो. 'गाया' दुर्बिणीच्या २०२२च्या माहितीसाठ्यातच सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद आहे, ती नुसत्या डोळ्यांनी कोण चाळणार! (मला हे काम आवडतं, तक्रार नाही.)

अडचण निवडीची आहे. रूपविकारी (म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या प्रकाशवक्रांवर, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याच्या आलेखांवर, काम करावं, की वर्णपटमापक (प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं उपकरण) बांधणाऱ्या गटात जावं? पीएचडीनंतर पोस्टडॉकच्या मुदतीच्या नेमणुका एकामागून एक कराव्या लागतात. कायम नोकरी नाहीच मिळाली, तर बाहेर यातलं कोणतं कौशल्य जास्त कामी येतं? या क्षेत्रात असलेल्यांनी कृपया स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.