खासगी टांकसाळीतल्या नाण्याला कलाकृती कधी म्हणायचं?

चिंचवडकर:
नमस्कार मंडळी, मी शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) जमवतो पण गेला महिनाभर अमेरिकेतल्या डॅनियल कार या नाणी घडवणाऱ्या कलाकाराच्या कामाने डोक्यात घर केलंय. २००१ च्या न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंडच्या क्वार्टरचं (पाव डॉलरच्या नाण्याचं) डिझाइन याचंच, आणि कोलोरॅडोत त्याची स्वतःची मूनलाइट मिंट आहे. त्याचं गाजलेलं नाणं म्हणजे १९६४-डी पीस डॉलर, यातला डी म्हणजे डेन्व्हर. डेन्व्हरच्या सरकारी टांकसाळीने १९६५ मध्ये असे ३,१६,०७६ डॉलर पाडले आणि मग सगळे वितळवले. कारने काय केलं तर जुने खरे पीस डॉलर घेतले आणि त्यांच्यावरच १९६४-डी चा नवा छाप मारला. काम इतकं सफाईदार की बघत राहावं, पण चेहरा, गरुड, अक्षरं सगळं मूळ शिल्पकाराचं, कारचं म्हणावं तर फक्त साल. मग याला ओरिजिनल म्हणायचं का? तुम्ही कसं ठरवता?

शिवराई_प्रेमी:
माझ्या मते तुम्ही होबो निकेल, म्हणजे भटक्यांनी हाताने कोरलेली नाणी बघा, उत्तर तिथे आहे. १९१३ ते १९३८ चं बफेलो निकेल हे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, त्यावरचं आदिवासी माणसाचं डोकं जवळजवळ अख्खं नाणं भरून आहे आणि उठावही चांगला, म्हणून कोरायला वाव. कामाच्या शोधात रेल्वेने भटकणारे लोक ते कोरायचे, जेवणाच्या बदल्यात द्यायचे. यात धातू वाढवता येत नाही हो, फक्त काढता येतो. म्हणजे टोपी हवी तर केसांच्या आणि पिसांच्या जागेतूनच काढायची, कान हवा तर वेणीच्या वरच्या केसातून शोधायचा. बर्ट वीगंड आणि त्याच्याकडे शिकलेला बो ह्यूज यांचं काम जाणकार नुसत्या कान-दाढीवरून ओळखतात. चेहरा मूळ शिल्पकार फ्रेझरचा, नाणं सरकारचं, तरी हात कोणाचा ते कळतं. मी तरी यालाच ओरिजिनल म्हणतो. कारच्या १९६४ च्या डॉलरमध्ये मला कल्पना दिसते, कारागिरी दिसते, पण त्याचा हात दिसत नाही, त्यापेक्षा त्याची स्वतःच्या डिझाइनची पदकं बघा.

(आपल्याकडे चालू नाण्यांवर हे करू नका, २०११ च्या नाणे कायद्यात नाणं वितळवायला आणि नष्ट करायला मनाई आहे.)

टाकवाले:
आमच्या घरी तीन पिढ्या देवाचे टाक करतात. ठशावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकायचा, मग वरून बारीक काम. खंडोबा सगळ्यांचा तोच, घोडा, तलवार, म्हाळसा, कुत्रा, त्यात नवीन काही घालायची कोणाची छाती नाही, पण आजोबांचा घोडा मान अशी आत घेतो की शंभर टाकांत मी तो काढून देईन. त्यामुळे विषय जुना म्हणून काम नक्कल, हे मला पटत नाही. आता धनत्रयोदशीला जी लक्ष्मी-गणपतीची नाणी येतात ती बघा, बरीचशी फोटो दाबल्यासारखी सपाट, कारण चित्र मशीनला दिलं पण उठाव कुठे चढवायचा आणि कुठे सोडायचा हे कोणी ठरवलंच नाही. मशीनचा दोष नाही, मशीनवरही माणूस ठरवू शकतो.

नगरकर_नाणी:
कला ठीक, पण खरेपणाचं काय? १८१८ चा ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा, मागे हनुमान किंवा राम-सीता, माझ्या वडलांना एका विक्रेत्याने दुर्मिळ म्हणून विकला, चांगले पैसे घेतले. असा अर्धा आणा कंपनीने काढलाच नव्हता. वडील गेले तरी तो डबीत जपून होता, आणि मला त्यांना सांगायचं धाडस कधी झालं नाही. याउलट रामटंका बघा, त्याही खासगीच, रामपंचायतन किती सुंदर, पण पूजेच्या वस्तू म्हणूनच घडवलेल्या. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर कॉपी असं ठोकावं लागतं. कार म्हणतो मी खऱ्या नाण्यावर छाप मारतो आणि तसं उघड सांगतो. त्याने सांगितलं, पण त्याच्याकडून घेणारा पुढे विकताना सांगेल का?

चिंचवडकर:
टाकवाले, घोड्याच्या मानेचं वाचून मी लगेच माझ्या शिवराया काढून बसलो. ‘श्री राजा शिव’ मधला ‘श्री’ चार नाण्यांवर चार तऱ्हेचा आहे, आजवर मी फक्त वजन आणि झीज बघत होतो. आजोबांच्या टाकाचा जवळून फोटो टाकाल का, मान दिसेल असा?