मातीच्या ट्रॅकपासून फॉर्म्युला वनपर्यंत: मारिओ अँड्रेटीला सगळेच कसे जमले?

प्रश्न: धुळेकर
नमस्कार. माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा एक वाद मिटलेला नाही. एकाच प्रकारच्या शर्यतीत वर्षानुवर्षे वर्चस्व राखणारा चालकच थोर, असे त्याचे मत आहे. मी त्याच्यापुढे मारिओ अँड्रेटीचे नाव ठेवले. १९६७ ची डेटोना ५०० (अमेरिकेतील स्टॉक कारची शर्यत), १९६९ ची इंडियानापोलिस ५०० (तिथलीच उघड्या चाकांच्या गाड्यांची शर्यत) आणि १९७८ चे फॉर्म्युला वन जगज्जेतेपद या तिन्ही गोष्टी मिळवणारा दुसरा चालक आजवर झालेला नाही. त्यावर भावाने विचारले की, वजनदार स्टॉक कार (रस्त्यावरच्या मोटारीसारखी दिसणारी शर्यतीची गाडी) आणि हलकी फॉर्म्युला वन गाडी यांच्यात एकमेकींच्या उपयोगी पडेल असे काय आहे? याचे उत्तर मला देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: सातपुडा_पायथा (यावल)
धुळेकर दादा, आपल्याकडे पहिला पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या शिवाररस्त्याने जो मोटारसायकल घेऊन गेला आहे, त्याला या उत्तराचा अर्धा भाग आधीच ठाऊक आहे. चाकाची पकड सुटली की नवखा घाबरून ब्रेक दाबतो आणि पडतो, तर सवयीचा माणूस घसरू देतो आणि घसरता घसरताच गाडी हवी तिकडे वळवतो.

अँड्रेटीचे शिक्षण अशाच मातीवर झाले. त्याचा जन्म १९४० साली इस्त्रियातील मोंतोना गावी झाला. महायुद्धानंतर तो प्रदेश युगोस्लाव्हियाकडे गेल्याने कुटुंब बाहेर पडले, इटलीतील लुक्का येथे निर्वासितांच्या छावणीत काही वर्षे राहिले आणि १९५५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे पोहोचले. तिथल्या मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर १९५९ मध्ये मारिओ आणि त्याचा जुळा भाऊ आल्डो १९४८ सालची एक हडसन गाडी आळीपाळीने पळवू लागले. वडिलांना याचा पत्ताही नव्हता. त्याच मोसमात आल्डोला गंभीर अपघात झाला तेव्हाच त्यांना सारे कळले. (आपल्या घरी काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.)

पुढे डेटोनाला त्याने आपली फोर्ड गाडी मागून घसरत राहील अशी मोकळी ठेवली होती. इतरांना ती पद्धत धोक्याची वाटे, परंतु मातीवर वाढलेल्या माणसाला घसरण ही रोजचीच होती.

उत्तर: तापीकाठ (भुसावळ)
वरील उत्तर चांगले आहे, तरी १९७८ च्या विजेतेपदाचे श्रेय मी चालकाइतकेच गाडीलाही देईन. त्याच्या त्या वर्षीच्या लोटस ७९ या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या भागांचा तळ असा घडवला होता की त्याखालून जाणाऱ्या हवेचा वेग वाढून दाब कमी होई आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाई. हवा बाजूने आत शिरू नये म्हणून कडेला सरकत्या पट्ट्या होत्या. त्या वर्षी अँड्रेटीने सहा शर्यती जिंकल्या, पण त्याच्याच संघातील रॉनी पीटरसन करारानेच दुय्यम चालक होता. विजेतेपद निश्चित झाले ते इटलीतील माँझाच्या ट्रॅकवर, आणि तिथल्याच अपघातात जखमी झालेला पीटरसन दुसऱ्या दिवशी दगावला. १९५४ साली ज्या माँझाला हे जुळे भाऊ इटलीचा जगज्जेता चालक आस्कारी याला पाहायला गेले होते, तिथेच हे घडले.

शिवाय अष्टपैलूपणच मोजायचे तर जॉन सर्टीसला कसे वगळणार? मोटारसायकलच्या ५०० सीसी गटातील चार जगज्जेतेपदे आणि १९६४ चे फॉर्म्युला वन विजेतेपद, असे दोन चाकांवर आणि चार चाकांवर राज्य केलेला तो एकटाच.

उत्तर: गॅरेजवाला (जळगाव)
तापीकाठ यांचे म्हणणे मान्य आहे, मात्र ती गाडी तशी चालावी म्हणून तिची जुळवणी कोणी केली, हेही पाहिले पाहिजे. अंडाकृती ट्रॅकवर वळणे सगळी डावीकडेच असतात. त्यामुळे तिथे उजवीकडचे मागचे टायर डावीकडच्यापेक्षा मोठ्या घेराचे लावतात. बादली आडवी करून ढकलून पाहा. ती सरळ न जाता अरुंद बाजूकडे वळते. गाडीचेही तसेच होते, आणि चालकाला स्टिअरिंग कमी वळवावे लागते. टायरच्या घेराचा आणि चारही चाकांवरील वजनाचा हा हिशेब अँड्रेटीने अमेरिकेत घोटून घेतला होता आणि लोटसमध्येही तो त्याने वापरला. माझ्याकडे गाडी ‘ओढते’ म्हणून येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी नेमकी कुठे, किती वेगात आणि ब्रेक लावल्यावर की सोडल्यावर ओढते, हे सांगणारा एखादाच असतो. अँड्रेटी तसा होता.

प्रश्नकर्ता: धुळेकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बादलीचा प्रयोग अंगणात करून दाखवल्यावर भाऊ बराच नरमला आहे. मात्र ल मान्स ही फ्रान्समधील २४ तासांची शर्यत अँड्रेटीला कधीच जिंकता आली नाही आणि १९९५ साली तो तिथे दुसरा आला, हे त्याने शोधून काढून मला ऐकवले. तेव्हा अँड्रेटीचे वय ५५ होते, एवढेच मी त्याला सांगितले.