पोस्ट-हार्डकोर बँडला अल्बम हवाच कशाला?

बेसलाइन:
स्वतंत्र बँडने चार-पाच गाण्यांचा ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा संच, काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "अल्बम कधी?" जणू हाती आलेलं काम म्हणजे नुसती जाहिरात! मला हे पटत नाही. पोस्ट-हार्डकोर म्हणजे हार्डकोर पंकमधून निघालेलं संगीत, आणि त्याला छोटी लांबीच मानवते. फुगाझी या अमेरिकन बँडचा 1988 चा पहिला ईपी सात गाण्यांचा. त्यातल्या 'वेटिंग रूम'मध्ये सुरुवातीलाच सगळी वाद्यं एकदम थांबतात, आणि त्या शांततेत श्वास अडकतो. असा ताण बारा गाणी टिकत नाही. नवा ईपी सलग तीनदा ऐकावासा वाटतो. पाऊण तासाचा अल्बम मी निम्म्यावर सोडलाय, आवडता असूनही.

उलटा ठेका:
फुगाझीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तो ईपी आणि पुढचा 'मार्जिन वॉकर' एकत्र करून 1989 मध्ये '13 साँग्ज' निघालं, आणि बहुतेकांनी तेच ऐकलंय, अल्बम म्हणूनच. ताण टिकत नाही म्हणता, तर रिफ्यूज्ड या स्वीडिश बँडचा 1998 चा अल्बम 'द शेप ऑफ पंक टू कम' ऐका. आरडाओरडा, मग जॅझची झाक, मध्येच इलेक्ट्रॉनिक तुकडे. एवढा पल्ला चार गाण्यांत कसा गाठणार? ईपीत बँडला स्वतःचंच म्हणणं खोडून काढायला जागा मिळत नाही.

बेसलाइन:
एकत्र केले हे खरं, पण घडले वेगवेगळे. त्या दोन्ही ईपींवर फुगाझीचा गाय पिचोटो फक्त गातो. त्याची गिटार आली 1990 च्या 'रिपीटर' अल्बमवर. अल्बमची वाट पाहत बसले असते, तर एका गिटारचा तो मोकळा, हाडं दिसणारा आवाज आपल्याला मिळालाच नसता. अ‍ॅट द ड्राइव्ह-इन या बँडचंही तेच: 1999 च्या 'व्हाया' ईपीत चाचपडणं ऐकू येतं, आणि पुढच्याच वर्षी 'रिलेशनशिप ऑफ कमांड' हा अल्बम येतो. मला ते चाचपडणं जास्त प्रिय आहे.

रात्रीची_तालीम:
दोघंही कलेवर बोलताय, हिशेबाचं कुणीच बोलत नाही. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत, आणि हा आकडा प्रत्येक गाण्याला वेगळा लागतो. छोट्या बँडने बारा गाणी टाकली तर शेवटची सहा बहुधा त्याखालीच राहतात. म्हणून ईपी निघतात. याला सौंदर्यदृष्टी म्हणू नका.

उलटा ठेका:
हे मान्य. पण मग ऐकणाऱ्यांनी तरी "अल्बम कधी?" विचारत राहायला हवं. तो प्रश्न अपमान नाही, मागणी आहे.

बेसलाइन:
मागणी करा, पण आधी आलेली चार गाणी नीट ऐका. आमच्या बँडने ईपीतून तीन गाणी वगळली. पैशांसाठी नाही, ती आधीच्याच गाण्यांचं म्हणणं मोठ्या आवाजात पुन्हा सांगत होती. अल्बम करायचा असता, तर ठेवली असती.