चष्मा कुठला होता?

‘लेझर फक्त डॉक्टरांनीच वापरावा, पार्लरवाल्यांवर सरसकट बंदी घाला’ हे वाचलं. अर्धंच पटलं. दवाखान्यातही हँडपीस (लेझर मशीनचा हातात धरायचा भाग) बऱ्याचदा टेक्निशियनच्याच हातात असतो, मग तिला शिकवलंय कुणी हे नको का विचारायला?

माझी मामेबहीण लग्नाआधी कोथरूडच्या एका पार्लरात लेझरने हनुवटीवरचे केस काढायला गेली. सहा सिटिंगचं पॅकेज, स्वस्तात. पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोड्याशा जागेवर करून बघणं, नाही. आदल्याच रविवारी सिंहगड चढून ती चांगली रापून आली होती, तेही कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हनुवटीवर रबरी शिक्के मारल्यासारखे चौकोनी डाग! हळदीच्या सगळ्या फोटोंत बाईसाहेब मान खाली घालून.

लेझर तापवतो केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, पण ते आपल्या त्वचेतही भरपूर असतं, रापल्यावर तर आणखीच. म्हणून सावळ्या रंगाला ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा १०६४ चा एनडी-याग लेझर कमी धोक्याचा. (आणि ‘लेझर’ म्हणून कधीकधी आयपीएल, म्हणजे ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’ हा प्रखर प्रकाशाचा झोत मारतात, तो तर लेझरच नव्हे.)

इंग्लंडमध्ये २०२२ च्या आरोग्य कायद्याने अशा उपचारांना परवाना लावायचा अधिकार सरकारला दिला. आपल्याकडेही आधी मशीन आणि ते चालवणारा, दोघांची नोंद व्हावी. संरक्षक चष्मा तर त्या-त्या तरंगलांबीचाच लागतो, साधा गॉगल चालत नाही.

बहिणीच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवला होता. मशीन चालवणारीच्या डोळ्यांवर तेवढंही नव्हतं.