फॉरवर्ड: फॉरवर्ड: अतिशय महत्त्वाचे!!! लगेच सगळ्यांना कळवा

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

नमस्कार मंडळी,
खालचा मजकूर आत्ताच आला, जसाच्या तसा देतो आहे.
"उद्या 'मार्टिनेली' नावाचा व्हिडिओ येणार आहे. तो उघडू नका. फोन हॅक होतो आणि मग त्यावर काहीच उपाय चालत नाही. ओळखीच्या सगळ्यांना कळवा."
काळजी घ्यावी.

प्रेषक: मंडळाच्या सचिव

काका, नमस्कार.
हा मार्टिनेली २०१७ पासून 'उद्या' येतो आहे. अशा निरोपांत तारीख कधीच नसते. 'उद्या', 'काल रात्री', 'आत्ताच बातम्यांत सांगितलं' असंच असतं, त्यामुळे ते शिळे होत नाहीत.

याचा खापरपणजोबा म्हणजे १९९४चं 'गुड टाइम्स'. त्या नावाचं ईमेल नुसतं वाचलं तरी हार्ड डिस्क पुसली जाईल आणि प्रोसेसर 'एन्थ कॉम्प्लेक्सिटी इन्फिनिट बायनरी लूप'मध्ये अडकून खराब होईल, अशी ती सूचना होती. या शब्दांना काडीचा अर्थ नाही, पण वाचताना छाती दडपते. खाली अमेरिकेच्या एफसीसीचा हवाला. रेडिओ, टीव्ही, टेलिफोन बघणारं ते खातं व्हायरसच्या सूचना कशाला काढेल? तरी पत्र वर्षानुवर्षं फिरलं.

प्रेषक: तेच ज्येष्ठ सभासद

अगं, पटलं. पण खोटं असलं तरी पाठवण्यात नुकसान काय? खरं निघालंच तर चार जण वाचतील.

प्रेषक: दुसरा एक सभासद

काका, मध्ये बोलतो. कंप्युटर सांभाळणं हेच माझं काम, म्हणून राहवत नाही.

नुकसान होतं, आणि ते कसं होतं हे बघण्यासारखं आहे. २००२ साली एक पत्र फिरलं: तुमच्या कंप्युटरवर 'जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई' नावाची फाइल शोधा, तिच्यावर टेडी बेअरचं चित्र दिसेल, तो व्हायरस आहे, काढून टाका. लोक शोधायचे आणि फाइल खरंच सापडायची, चित्रासकट! सापडणारच, कारण ती मायक्रोसॉफ्टने स्वतःच विंडोजमध्ये दिलेली होती, 'जावा' या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामाची. अँटीव्हायरसला हा व्हायरस दिसत नाही, असंही पत्रात होतं. तेही बरोबर, नसलेला व्हायरस दिसणार कसा? म्हणजे पडताळून बघता येण्याजोगी दोन्ही विधानं खरी आणि निष्कर्ष तेवढा खोटा. माणसाला वाटायचं, मी डोळ्यांनी खात्री केली. पण ती खात्री पत्राने आखून दिलेल्या वाटेनेच केलेली असायची. तीच फाइल दुसऱ्या कुठल्याही निरोगी मशीनवर दिसते का, हे बघायचं कुणाला सुचायचं नाही. शेवटी लिहिलेलं असायचं की तुमच्याकडून हा ओळखीच्यांकडे गेला असणार, त्यांना कळवा. की सुरू!

आदल्या वर्षी 'एसयूएलएफएनबीके.ईएक्सई' या फाइलवरून हेच झालं होतं. ती फाइलींची लांब नावं परत आणायला लागायची. गंमत म्हणजे 'मॅजिस्टर' नावाचा खरा व्हायरस कधीकधी याच फाइलला चिकटून ईमेलने जायचा, त्यामुळे ती अफवा निव्वळ हवेतून आली असंही म्हणता येत नाही.

आणि 'ओळखीच्या माणसाने पाठवलं' याला काही अर्थ नाही. मे २००० मधलं 'आय लव्ह यू' हे खरंखुरं 'वर्म' (आपणहून पसरणारा व्हायरस) ओळखीच्याच पत्त्यावरून यायचं, कारण ते ज्याच्या मशीनवर चालायचं त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःहून जायचं. जोडलेल्या फाइलचं नाव '.टीएक्सटी.व्हीबीएस' असं संपायचं आणि विंडोज शेवटचा तुकडा, म्हणजे हा चालणारा प्रोग्रॅम आहे हे सांगणारा, दाखवायचं नाही. बघणाऱ्याला वाटायचं, साधा मजकूर आहे.

प्रेषक: एक सभासद

पण एखाद्या आजारी मुलासाठी आवाहन आलं तर? ते अडवायला मन होत नाही.

प्रेषक: मंडळाच्या सचिव

ताई, तिथेच जास्त सांभाळायला हवं. १९८९ साली ब्रिटनमधल्या ब्रेन ट्यूमर झालेल्या एका मुलासाठी शुभेच्छापत्रांचं आवाहन निघालं, गिनेसमध्ये विक्रम व्हावा म्हणून. ते आवाहन खरं होतं. विक्रम झाला, १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन मुलगा बराही झाला. पत्रं मात्र पुढे कित्येक वर्षं येतच राहिली, थांबवा म्हणून विनवण्या केल्या तरी. शेवटी गिनेसने तो विक्रमच बंद केला. तेव्हा आवाहन खरं आहे का एवढंच विचारून भागत नाही, अजून चालू आहे का तेही बघावं लागतं. रुग्णालयाचं किंवा संस्थेचं नाव असेल तर तिचा फोन आपण शोधून काढायचा, पत्रातला नंबर लावायचा नाही.

'दर फॉरवर्डमागे अमुक कंपनी इतके पैसे देईल' हे तर वाचून सोडून द्या. बिल गेट्सच्या नावाने १९९७ पासून हेच चालू आहे. साधं ईमेल पुढे कुणी कुणाला पाठवलं हे मोजायची सोयच नसते.

आता आपल्या मंडळाच्या ईमेल यादीपुरतं: 'सगळ्यांना पाठवा' असं लिहिलेला मजकूर यापुढे आधी माझ्याकडे थांबेल. आणि एरवीही एकगठ्ठा पाठवताना पत्ते 'बीसीसी'त घाला, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. मागच्या एका फॉरवर्डखाली लोकांच्या पत्त्यांची अख्खी माळ लोंबत होती. स्पॅमवाल्यांना याहून काय हवं?

प्रेषक: पहिले ज्येष्ठ सभासद

ठीक. मग मला ज्याने हे पाठवलं त्याला काय लिहू?

प्रेषक: मंडळाच्या सचिव

त्यांना एकट्यालाच लिहा, 'रिप्लाय ऑल' नको. दोन ओळी पुरेत: हे जुनं आहे, खोटं आहे. मूळ मजकूर मात्र खालून काढून टाका, नाहीतर तुमचंच पत्र उद्या कुणीतरी अर्धवट वाचून पुढे पाठवेल.